पहिला अंक मोजायचा कसा: दुपटीच्या मालिकेपासून जत्रेच्या व्हाउचरपर्यंत

एक कोरा कागद घ्या आणि वरून खाली लिहीत चला: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२. दर वेळी फक्त दुप्पट करायचं, दुसरं काही नाही. आता प्रत्येक संख्येचा सगळ्यात डावीकडचा अंक तेवढा बाजूला लिहा. १, २, ४, ८, १, ३, ६, १, २, ५. झाले दहा. पुढे १०२४, २०४८, ४०९६, ८१९२ असं चालू ठेवा, वीस झाले की बघा, पहिले अंक अगदी त्याच क्रमाने परत आलेत, आणि तिसाव्या न चाळिसाव्या ओळीपर्यंत पण तसंच होतं. चाळीस संख्यांत १ बारा वेळा, २ आठ वेळा, ३, ४, ५, ६ आणि ८ प्रत्येकी चार वेळा. ७ आणि ९ एकदाही नाही.

मी गोव्यात फोंड्याला शिकवण्या घेतो आणि पावसात लाइट गेली की पोरांना हाच उद्योग देतो, कारण याला कागद-पेन सोडून काही लागत नाही. चाळीस ओळी झाल्या की कोणीतरी विचारतंच, सर म्हणजे ७ कधी येणारच नाही काय? मी उत्तर देत नाही, पुढे लिहा म्हणतो. गेल्या पावसात एका मुलीने मेणबत्तीच्या उजेडात वहीची दोन पानं भरवली, मध्ये एका ठिकाणी हातचा राहिला म्हणून पंधरा ओळी खोडून परत केल्या, आणि ४७व्या ओळीवर ७०३६८७४४१७७६६४ आल्यावर तिने त्या ७ भोवती पेनाने इतका दाबून गोल काढला की मागच्या पानावर उमटला. ९ साठी अजून थांबावं लागतं, तो येतो ५४व्या ओळीवर, ९००७१९९२५४७४०९९२. माझं मत असं की हे एकदा तरी हाताने करावंच, थेट कॉम्प्युटरवर केलं तर उत्तर मिळतं पण ते ७ ची वाट बघणं होत नाही, आणि सगळी समज त्या वाट बघण्यातच येते.

शंभर ओळी केल्या तर मोजणी अशी येते: १ तीस वेळा, २ सतरा, ३ तेरा, ४ दहा, ५ सात, ६ सात, ७ सहा, ८ पाच, ९ पाच. आता याच्या शेजारी बेनफर्डच्या नियमाचे आकडे ठेवा, पहिला अंक म्हणून कोणता अंक किती वेळा यावा ते हा नियम सांगतो. १ ला ३०.१ टक्के, २ ला १७.६, ३ ला १२.५, ४ ला ९.७, ५ ला ७.९, ६ ला ६.७, ७ ला ५.८, ८ ला ५.१ आणि ९ ला ४.६. सूत्र एवढंच की अंक जो असेल त्याने १ ला भागा, त्यात १ मिळवा आणि त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्या, म्हणजे दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते तो आकडा. १ साठी लॉग २, म्हणजे ०.३०१. २ साठी लॉग दीड, म्हणजे ०.१७६. बाकीचे तसेच.

१ बरोब्बर तीस वेळाच का आला याचं उत्तर लॉग न वापरता पण देता येतं आणि ते मला फार आवडतं. दुप्पट करताना संख्येचा एक अंक कधी वाढतो? आधीची संख्या ५, ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होत असेल तेव्हाच, आणि तिची दुप्पट १० ते १९ मध्ये पडते, म्हणजे नवी लांबी नेहमी १ ने सुरू होते. आणि १ ने सुरू झालेल्या संख्येची दुप्पट २ किंवा ३ ने सुरू होते, त्यामुळे त्याच लांबीत परत १ येऊ शकत नाही. म्हणजे एकअंकी, दोनअंकी, तीनअंकी, प्रत्येक लांबीत १ ने सुरू होणारी एक आणि एकच संख्या. शंभराव्या ओळीवरची संख्या तीसअंकी आहे, म्हणून तीस. पोरांना हे फळ्यावर न सांगता त्यांच्याच कागदावर बोट ठेवून दाखवा, प्रत्येक वेळी संख्या लांब झाली की तिथे १ असतो हे त्यांना स्वतःला दिसतं.

बाकीच्या अंकांचं असं का, ते घरच्या एफडीवरून समजतं. एक लाख रुपये ७ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले आणि हात लावला नाही असं समजा. एकाचे दोन लाख व्हायला सव्वादहा वर्षं लागतात, आणि ही सगळी वर्षं पासबुकावर रकमेचा पहिला अंक १ च असतो. दोनाचे तीन व्हायला सहा वर्षं. नवाचे दहा व्हायला जेमतेम दीड वर्ष, आणि दहा लाख झाले की परत पहिला अंक १, परत सव्वादहा वर्षं तिथेच मुक्काम. एकापासून दहा लाखांपर्यंतचा पूर्ण प्रवास साधारण ३४ वर्षांचा, त्यातली सव्वादहा १ कडे गेली, भागून बघा, ३०.१ टक्के. व्याजदर ५ असो की ९, वर्षं बदलतील, टक्का तोच. जे काही पटीने वाढतं त्याला १ वरून २ वर जायला दुप्पट व्हावं लागतं आणि ९ वरून १० वर जायला नवव्या हिश्श्याएवढीच वाढ पुरते, मुद्दा सगळा हाच आहे.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते लॉग टेबलच्या, म्हणजे संख्यांचे लॉग छापलेल्या, पुस्तकावरून. सायमन न्यूकम म्हणून अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८८१ मध्ये लिहिलं की लॉग टेबलची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळतात न झिजतात, म्हणजे लोक १ ने सुरू होणाऱ्या संख्याच जास्त शोधत असणार. पुढे १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड, जनरल इलेक्ट्रिकमधले भौतिकशास्त्रज्ञ, यांनी वीस वेगवेगळ्या प्रकारची माहिती गोळा करून, नद्यांची क्षेत्रफळं, गावांची लोकसंख्या, रेणूंची वजनं, असे एकूण २०,२२९ आकडे मोजले, आणि नाव त्यांचं लागलं. न्यूकमना सत्तावन्न वर्षं आधी दिसलं होतं हे पोरांना मी आवर्जून सांगतो. मळलेल्या पानावरून नियम ओळखणारा माणूस विसरला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी मालिका करायची तर १, १, २, ३, ५, ८, १३, २१ ही घ्या, आधीच्या दोन मिळवून पुढची. शाळेत हिला फिबोनाची म्हणतात पण आपल्याकडे हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात मात्रावृत्तं मोजताना हीच दिली होती, लघु एक मात्रा आणि गुरू दोन मात्रा असताना इतक्या मात्रांची ओळ किती प्रकारे बांधता येईल, त्याचं उत्तर म्हणजे हे आकडे. पहिल्या वीस संख्यांत १ पाच वेळा, २ चार, ३ तीन, ५, ६ आणि ८ दोन-दोन, ४ आणि ९ एक-एक, ७ नाही. वीस म्हणजे फारच थोड्या, पण उतार दिसायला लागतो. ७ इथे पंचविसाव्या जागी येतो, ७५०२५. तीनचे घात, पाचचे घात, सातचे घात, फॅक्टोरियल (१ गुणिले २ गुणिले ३ असे वाढत जाणारे गुणाकार), सगळे याच टक्क्यांकडे जातात. घातांमध्ये अपवाद फक्त १०, १००, १००० यांचा, त्यांचे घात कायम १ नेच सुरू होणार हे उघडच आहे.

आता हाताने न गुणता थेट पन्नासाव्या किंवा हजाराव्या घाताचा पहिला अंक कसा काढायचा. त्याला ही आठ टोकं पाठ करा किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा: ०.३०१, ०.४७७, ०.६०२, ०.६९९, ०.७७८, ०.८४५, ०.९०३, ०.९५४. हे म्हणजे २ ते ९ चे लॉग. समजा तीनचा पन्नासावा घात हवा. लॉग ३ म्हणजे ०.४७७१२, त्याला ५० ने गुणलं की २३.८५६. आधीचे २३ फक्त लांबी सांगतात, म्हणजे संख्या चोवीसअंकी, ते सोडून द्या. उरलं ०.८५६. हे ०.८४५ च्या वर आणि ०.९०३ च्या खाली, म्हणजे पहिला अंक ७. दोनचा शंभरावा घात: ०.३०१०३ गुणिले १०० म्हणजे ३०.१०३, उरलं ०.१०३, हे ०.३०१ च्या खाली, पहिला अंक १. झालं. एक काळजी घ्या, घात मोठा असेल तर लॉगचे चारच आकडे घेऊन चालत नाही, हजाराने गुणलं की चूकही हजारपट होते, सात-आठ दशांश स्थळं घ्या.

आणि खरं कारण इथेच आहे. ०.३०१०३ परत परत मिळवत गेलात आणि दर वेळी पूर्णांक भाग टाकून दिलात तर उरलेला भाग ० ते १ च्या मध्ये सगळीकडे सारखा पसरत जातो, कुठेही गर्दी करत नाही. पण अंकांच्या वाट्याला आलेल्या जागा सारख्या नाहीत, १ ची जागा ० पासून ०.३०१ पर्यंत लांबलचक आणि ९ ची ०.९५४ पासून १ पर्यंत चिंचोळी, त्यामुळे तिथे पडणारेही कमी.

एक्सेलवर करायचं असेल तर पहिल्या सेलमध्ये १, खालच्यात वरचा सेल गुणिले २, आणि शंभर ओळींपर्यंत ओढा. शेजारच्या कॉलममध्ये लेफ्ट फंक्शन, एक अक्षर घ्यायला सांगा, बाहेरून व्हॅल्यू लावा, कारण लेफ्ट जे देतं ते अक्षर असतं, संख्या नव्हे, आणि पुढे मोजताना कुठे ना कुठे अडतं. मग काउंटइफने १ ते ९ मोजा. मोठ्या संख्या एक्सेल पंधराच अंकांपर्यंत अचूक ठेवतो आणि पुढे ई लावून दाखवतो त्याची चिंता नको, आपल्याला पहिलाच अंक हवाय, तो बरोबर असतो. हिशेबाचे आकडे घेत असाल तर मात्र तीन गोष्टी आधी साफ करा: वजा चिन्ह काढा, शून्य रकमेच्या ओळी उडवा, आणि ०.४५ सारखे आकडे असतील तर सगळा कॉलम हजाराने किंवा लाखाने गुणून घ्या, नाहीतर लेफ्ट शून्य देत बसेल.

गुणून घेतलं तर निकाल बदलणार नाही काय, असं विचाराल. नाही बदलत. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत इथे रुपिया हे चलन जाऊन एस्कुदो आला, एका रुपियाला सहा एस्कुदो. त्या वेळच्या एखाद्या दुकानदाराने आपली अख्खी खतावणी सहाने गुणली असती तर बहुतेक रकमांचा पहिला अंक बदलला असता, पण वेगवेगळ्या आकारांच्या रकमा भरपूर असतील तर १ चा वाटा तीस टक्क्यांच्या आसपासच राहिला असता. आपल्या मालिकेवर करून बघा: ६, १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४, ७६८, १५३६, ३०७२. ज्या ९ न ७ साठी एवढं थांबलो होतो ते लगेच आले, पण १ परत दहात तीनच. एकक बदललं तरी न बदलणारी वाटणी ही एकच, हे रॉजर पिंकहॅम यांनी १९६१ मध्ये दाखवलं, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. आणि वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकत्र मिसळले की ते याच वाटणीकडे का जातात, ते थिओडोर हिल यांनी १९९५ मध्ये सिद्ध केलं.

कुठे लावायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे आणि लोक चुकतात ते इथेच. गोव्यातले सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, तिथे पहिला अंक मोजून काय मिळणार. मोबाइल नंबर, वीज ग्राहक क्रमांक, पावती क्रमांक, हे कोणीतरी दिलेले नंबर आहेत, मोजलेलं काही नाही. १, २, ३, ४ असं सरळ मोजत गेलात तरी नियम बसत नाही: ९९ पर्यंत १ ने सुरू होणाऱ्या ११, म्हणजे नववा हिस्सा, आणि १९९ पर्यंत गेलात की १११, म्हणजे निम्म्याहून जास्त, असं ते कायम वर-खाली हेलकावत राहतं. निवडणुकीचे आकडे घेऊन बसणारे तर पुष्कळ असतात. आपल्याकडे चाळीस मतदारसंघ, एकेकात साधारण पंचवीस-तीस हजार मतदार, तिथे मतदारसंख्येचा पहिला अंक बहुतेक २ नाहीतर ३ च येणार, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही.

तालुक्यांवर करून बघा, २०११ च्या जनगणनेचे आकडे आहेत: सासष्टी २,९४,४६४, बार्देश २,३७,४४०, तिसवाडी १,७७,२१९, फोंडा १,६५,८३०, मुरगाव १,५४,५६१, डिचोली ९७,९५५, केपे ८१,१९३, पेडणे ७५,७४७, सांगे ६५,१४७, सत्तरी ६३,८१७, काणकोण ४५,१७२. ३ आणि ५ नाहीतच, ६ दोनदा. जनगणना चुकली काय? अजिबात नाही. अकराच आकडे आहेत आणि सगळ्यात मोठा तालुका सगळ्यात लहान तालुक्याच्या साडेसहा पटच आहे, दहा पटसुद्धा नाही. नियम दिसायला आकडे शंभरावर, जमलं तर पाचशेवर हवेत, आणि ते दहा, शंभर, हजार, लाख असे तीन-चार पायऱ्यांवर पसरलेले हवेत. पसरकाराची, म्हणजे किराणा दुकानदाराची, उधारीची वही यात बसते, आगपेटीपासून वर्षाच्या तांदळाच्या पोत्यांपर्यंत सगळं असतं तिच्यात.

जुळतं की नाही हे नजरेने ठरवू नका. सोपा मार्ग: प्रत्येक अंकाचा आलेला टक्का आणि नियमाचा टक्का यांतला फरक घ्या, चिन्ह विसरा, नऊ फरकांची बेरीज करून नवाने भागा. मार्क निग्रिनी यांनी हिशेब तपासणीत हा नियम रुजवला, त्यांच्या मापाने हा सरासरी फरक ०.६ टक्क्याच्या आत असेल तर उत्तम, १.५ च्या वर गेला तर जुळत नाही. आपल्या शंभर दुपटींचा फरक ०.३९ येतो, स्वतः काढून बघा, म्हणजे पद्धत हातात बसेल. काय-स्क्वेअर ही जुळणी तपासायची संख्याशास्त्रातली दुसरी चाचणी, ती करणाऱ्यांसाठी मर्यादा १५.५१, आपल्या मालिकेचा येतो ०.२२ च्या जवळ. पण काय-स्क्वेअर हजारो आकड्यांवर लावला तर बारीकशा फरकालाही तो ओरडतो, म्हणून मला पहिली पद्धत जास्त भरवशाची वाटते.

आता जे घडलं ते सांगतो, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसलो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका जत्रेच्या समितीत होतो. व्हाउचरं दोनशेच्या वर, मी रात्री घरी बसून पहिले अंक मोजले, तर ४ ने सुरू होणारी सगळ्यात जास्त, १ च्याही पुढे. दुसऱ्या दिवशी बैठकीत सगळ्यांसमोर मी खजिनदार काकांना विचारलं, काका, हे चारचं काय आहे? विचारण्यात जो सूर होता तो सगळ्यांनी ओळखला. काका काही बोलले नाहीत, पिशवीतून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला, गाठ सुटेना म्हणून दाताने सोडवली, आणि एकेक व्हाउचर टेबलावर मांडत गेले: लायटिंगवाल्याची दोन पोरं, मांडव घातल्यापासून उतरवेपर्यंत, रोज प्रत्येकी साडेचारशे, रोज सही, रोज वेगळं व्हाउचर. दुसरं काहीही नव्हतं. मी तिथेच माफी मागितली आणि त्यांनी हसून सोडून दिलं, पण पुढच्या वर्षी त्यांनी खजिनदारपद घेतलं नाही आणि ते माझ्यामुळेच हे मला माहीत आहे.

मला तेव्हा करायला हवं होतं ते हे. पहिला अंक बिघडलेला दिसला की तिथे थांबायचं नाही आणि कोणाला विचारायचंही नाही, पहिले दोन अंक मोजायचे, १० पासून ९९ पर्यंत, लेफ्टमध्ये एकाच्या जागी दोन घालून. सूत्र तेच, ४५ साठी १ ला ४५ ने भागा, १ मिळवा, लॉग घ्या, ०.००९५ येतं, म्हणजे दोनशे व्हाउचरांत ४५ ने सुरू होणारी दोनेक अपेक्षित. तिथे ढीग दिसला की एक्सेलच्या फिल्टरने तेवढीच व्हाउचरं वेगळी काढा आणि तारीख, नाव, काम हे कॉलम शेजारी ठेवून वरपासून खालपर्यंत वाचा. माझ्या बाबतीत पहिल्या पाच ओळींतच कळलं असतं: एकच रक्कम, तीच दोन नावं, लागोपाठच्या तारखा. ठरलेला रोज, ठरलेलं भाडं, ठरलेली दक्षिणा असं काही निघालं की त्या ओळी बाजूला काढून उरलेल्यांवर मोजणी परत करा. मग जे शिल्लक राहील ते घेऊन खजिनदाराच्या घरी जा, बैठकीच्या आधी, एकटे.